सगळ्या डिस्टोपिया सारख्याच वाटायला लागल्या, तर पुढे काय वाचायचं?

डिस्टोपिया म्हणजे जुलमी, बिघडलेल्या काल्पनिक समाजाची गोष्ट. तिच्याबद्दल चाळीसगावच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावीला. दीड वर्षात तिनं ‘द हंगर गेम्स’चे तीन भाग, ‘डायव्हर्जंट’चे तीन आणि ‘द मेझ रनर’चे दोन वाचले. सुरुवातीला रात्री जागून वाचायची, आता नवीन पुस्तक चाळीस-पन्नास पानांवर मिटते आणि म्हणते, “सगळं तेच तेच आहे.” वाढदिवसाला आलेली, ‘हंगर गेम्स’च्याच आधीची कथा सांगणारी ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ आणि ‘सनराइज ऑन द रीपिंग’ कपाटात तशीच पडून आहेत. हा प्रकार सोडून द्यायला सांगावं की थोडा जोर लावावा, आणि वाचनच सुटलं तर काय, असं त्या विचारतात.

ताई, मुलीची तक्रार खरी आहे. “चिकाटी नाही, मोबाइलमुळे होतं” असं म्हणून ती मोडीत काढू नका. तिनं वाचलेली आठही पुस्तकं २००८ ते २०१३ या एवढ्याशा काळातली आहेत. ‘द हंगर गेम्स’ २००८ला आलं आणि तुफान खपलं. मग प्रकाशकांना तसंच आणखी हवं होतं आणि ते त्यांना मिळत गेलं. म्हणून सांगाडा एकच दिसतो. सोळा वर्षांचा नायक किंवा नायिका, कुंपणाच्या आत कोंडलेली वस्ती, निवडीचा किंवा परीक्षेचा एक दिवस, जीवघेणं प्रशिक्षण, मधे प्रेमाची ओढाताण, बंड, आणि शेवटच्या भागात युद्ध. त्यात ‘हंगर गेम्स’ आणि ‘डायव्हर्जंट’ दोन्ही ‘मी’च्या तोंडून, वर्तमानकाळात सांगितलेली. त्यांच्या नायिका कॅटनिस आणि ट्रिस या दोघी अगदी वेगळ्या मुली आहेत, पण वाक्यांची चाल इतकी जवळची की लागोपाठ वाचलं की आवाज एकमेकांत मिसळतात. एवढ्या लवकर हे तिच्या लक्षात आलं, म्हणजे तिचं वाचन पक्कं होत चाललंय.

पण “कंटाळा आला” या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. त्या आधी वेगळ्या करून घ्या.

पहिली शंका भाषेची, आणि आपल्याकडे ती सगळ्यात जास्त निसटते. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं ही पुस्तकं थेट इंग्रजीतून वाचतात, कारण किशोरवयासाठी या प्रकारातलं मराठीत फारच थोडं लिहिलं गेलंय. पहिल्या दोन पुस्तकांत गोष्टीचा वेग त्यांना ओढून नेतो, अडलेले शब्द ती सोडून देतात. चौथ्या-पाचव्या पुस्तकात नवलाई ओसरते आणि मग तोच अडथळा जाणवू लागतो. मुलांना मात्र वाटतं, गोष्टच कंटाळवाणी आहे. तपासायचं कसं? मिटलेल्या पुस्तकाचं कुठलंही एक पान तिला मोठ्यानं वाचायला सांगा आणि अर्थासाठी थांबावं लागतं असे शब्द मोजा. पानामागे दोन-तीन असतील तर भाषेचा प्रश्न नाही. सहा-सातच्या वर गेले तर तो नक्की आहे. तेव्हा त्या पुस्तकाऐवजी साध्या वाक्यांचं पुस्तक द्या. लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’ (१९९३) यासाठी फार चांगलं आहे. दोनशे पानांच्या आतलं, वाक्यं छोटी, आणि विचार मात्र वरच्या आठांतल्या बहुतेकांपेक्षा खोल. फूटपाथवरच्या बारीक, पुसट छपाईच्या नकली प्रतीही हाच थकवा आणतात. एखादी पानं गळलेली प्रत मुलाला त्या लेखकापासून कायमचं तोडू शकते. ग्रंथालयातून आणा, पण धड प्रत आणा.

दुसरी गोष्ट मालिकेचा थकवा. पहिल्या भागात जागा बंदिस्त असते आणि नियम स्पष्ट असतो: रिंगण, प्रशिक्षणाचं आवार, चक्रव्यूह. वाचकाला माहीत असतं की इथून बाहेर पडायचंय. दुसऱ्या-तिसऱ्या भागात भिंत पडते आणि हे सगळं मुळात का उभं केलं, हे लेखकाला सांगावं लागतं. इथं बरेच जण अडखळतात, कारण त्या स्पष्टीकरणापेक्षा आधीचं कोडंच जास्त ताकदीचं असतं. ‘अ‍ॅलिजंट’मध्ये कुंपणापलीकडे गेल्यावर जनुकांचा सगळा खुलासा पात्रांच्या संभाषणांतून, जवळजवळ व्याख्यानासारखा येतो, आणि ‘डायव्हर्जंट’ मालिकेत पहिल्यांदाच मधेमधे दुसरा निवेदक येतो; बहुतेक मुलं तिथंच गळतात. सिनेमावाल्यांनी त्या शेवटच्या भागाचेही दोन तुकडे करायचं ठरवलं होतं. पहिला तुकडा २०१६मध्ये आला, फारसा चालला नाही, आणि दुसरा थिएटरात आलाच नाही. त्यामुळे मालिका पुरी केलीच पाहिजे हा नियम घरातून काढून टाका. ‘मेझ रनर’चा तिसरा भाग तिला नको असेल तर राहू द्या. पहिला भाग वाचून थांबणं हेही पुरं वाचनच आहे.

तिसरी गोष्ट अंधाराचा थकवा, आणि तिच्याकडे गांभीर्यानं बघा. बारावीच्या तोंडावरची मुलं आधीच निवड, गुण, कटऑफ यांच्या कात्रीत असतात. त्यात रोज झोपण्याआधी मुलांना मारणारी राज्यव्यवस्था वाचली की मन जड होतं. ‘मॉकिंगजे’ हा ‘हंगर गेम्स’चा तिसरा भाग तर उघडच युद्धातून वाचलेल्या, मनानं मोडलेल्या मुलीचं पुस्तक आहे. चौदाच्या आत मी ते कुणाला देत नाही. मुलीची झोप बिघडली असेल, चिडचिड वाढली असेल, तर तूर्त हा प्रकार पूर्ण बंद ठेवा आणि तिच्याशी त्याबद्दल बोला. परत सुरू केला तरी दुपारी वाचू द्या, रात्री नको.

या तिन्हींतलं काही नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून मुख्य अडचण सांगाड्याचीच दिसते, तर नवीन पुस्तकं शोधण्याआधी वाचण्याची पद्धत बदला. नायिकेच्या मागे धावत वाचलं तर सगळ्या डिस्टोपिया एकच आहेत: ती पळते, लढते, प्रेमात पडते. तिथं राज्य कसं चालतं याचा माग काढत वाचलं की प्रत्येक पुस्तक वेगळं होतं आणि कच्चं पुस्तक लगेच उघडंही पडतं.

‘हंगर गेम्स’चंच पहिलं प्रकरण तिला पुन्हा उघडायला सांगा, पण या वेळी हातात पेन्सिल देऊन. रिंगणात एकमेकांना मारायच्या खेळांसाठी मुलं सोडतीनं निवडतात, आणि बारा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाचं नाव त्या सोडतीत जातं. बाराव्या वर्षी एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी वाढत. पण गरिबाला एक सवलत आहे: आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल घ्यायचं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी तसं करता येतं, आणि चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. कॅटनिस स्वतः, आई आणि बहीण अशा तिघींसाठी धान्य घेते. म्हणजे वर्षाला सक्तीची एक अधिक तीन, अशा चार. सोळाव्या वर्षापर्यंत पाच वेळा झालं, चार पंचे वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं: वर्षाला सहा, सात वेळा, म्हणजे बेचाळीस. आणि कॅटनिसच्याच वयाच्या, खाऊन-पिऊन सुखी घरातल्या मुलीच्या फक्त पाच. सोडत सगळ्यांना सारखी असं दिसतं, पण भुकेल्याच्या वाट्याला ती कितीतरी पट जास्त येते. गेल चिडून म्हणतो ते हेच, की उपाशी माणसाला पोटभर जेवणाऱ्याबद्दल द्वेष वाटावा म्हणूनच ही व्यवस्था आहे. पहिल्या वाचनात बहुतेक मुलं हा भाग ओलांडून रिंगणाकडे जातात. गंमत इथं आहे, आणि सगळी पुढची कथा याच हिशेबावर उभी आहे.

मग घरातलं रेशनकार्ड काढा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हे हक्क म्हणून मिळतं, बदल्यात कुणाचा मुलगा गहाण पडत नाही. हक्काचं धान्य आणि गहाणाचं धान्य यांत काय फरक आहे, यावर मुलीला पानभर लिहू द्या. आजी असतील तर १९७२च्या दुष्काळाबद्दल विचारायला सांगा: दुष्काळी कामावर काय खायला मिळायचं, मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडी कुणाला मिळायची, हजेरीपट कुणाच्या हातात असायचा. ज्या घरात ही माहिती आहे त्या घरातल्या मुलीला पॅनेम, म्हणजे ‘हंगर गेम्स’मधला देश, परदेशी वाटायचं कारण नाही.

यासाठी साधी वही पुरते. पुस्तकामागे एक पान, पानाचे चार चौकोन. पहिल्यात धान्य आणि पाणी: कुठून येतं, कोण वाटतं. दुसऱ्यात नोंद: माणसांची यादी कोण ठेवतं, जन्म, निवड, काम कुठं लिहिलं जातं. तिसऱ्यात शिक्षा: नियम मोडला तर नेमकं काय होतं आणि ते बाकीच्यांना कसं दाखवलं जातं. चौथ्यात फायदा: साध्या माणसाला या व्यवस्थेतून काय मिळतं, तो गप्प का बसतो. चौथा चौकोन सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. कच्च्या डिस्टोपियात सत्ताधारी नुसतेच दुष्ट असतात आणि जनता नुसतीच घाबरलेली. ‘द गिव्हर’मध्ये मात्र कुणी उपाशी नाही, भांडण नाही, बारा वर्षांच्या मुलाला त्याचं काम विचारपूर्वक नेमून दिलं जातं, आणि बदल्यात रंग, आठवणी, दुःख सगळं काढून घेतलेलं असतं. तिथला चौथा चौकोन इतका भरतो की वाचणारा स्वतःच अस्वस्थ होतो.

पन्नास पानांपर्यंत चारपैकी दोन चौकोनांत काहीतरी पडलं पाहिजे. साठाव्या पानापर्यंत तीन कोरेच असतील तर पुस्तक बिनदिक्कत परत करा. ‘डायव्हर्जंट’ ही चाचणी पास होतं: बस चालवणं, झाडलोट, कचरा उचलणं ही कामं गटाबाहेर फेकलेली माणसं करतात आणि त्यांना अपुरं अन्न-वस्त्र मिळतं, हे सुरुवातीलाच कळतं. वाईट एवढंच, की ट्रिसच्या प्रशिक्षणाच्या धामधुमीत लेखिका ही माणसं बराच काळ बाजूला ठेवते. मुलीला नेमकं कुठं बिनसलं ते या चौकोनांवरून बोटानं दाखवता येईल, आणि “बोअर आहे”च्या पुढे तिचं बोलणं जाईल. रहस्यावर चालणाऱ्या पुस्तकांना मात्र सूट द्यावी लागते. ‘मेझ रनर’मध्ये थॉमसलाच काही आठवत नाही, महिन्याला एक नवा मुलगा आणि आठवड्याला सामान पिंजऱ्यातून वर येतं, एवढंच कळतं. अशा पुस्तकाला शंभर पानं द्या.

आता क्रम. पहिले चार ते सहा आठवडे एकही डिस्टोपियन कादंबरी नको. या काळात एका बैठकीत संपणाऱ्या कथा वाचू द्या, कारण थकलेल्या वाचकाला काहीतरी पुरं केल्याचं समाधान लागतं. ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ १९०९ची आहे: माणसं जमिनीखाली आपापल्या खोलीत बसून यंत्रातून एकमेकांशी बोलतात. ही जरा लांब आहे, दोन दिवस लागतील. कर्ट व्हॉनेगट यांची ‘हॅरिसन बर्जेरॉन’ (१९६१) अर्ध्या तासात होते. सगळ्यांना सारखं करायचं म्हणून हुशाराच्या कानात गोंगाट आणि ताकदवानाच्या अंगावर ओझी. अर्सुला ले ग्विन यांची ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’ (१९७३) काही पानांची आहे, पण वाचून झाल्यावर त्याच दिवशी दुसरं काही वाचायला देऊ नका. आणि रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) नक्की. ती उलट्या बाजूची, सुखी राज्याची गोष्ट आहे: बायका राज्य करतात, पुरुष घरात, आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाकही होतो आणि शत्रूचं सैन्यही परतवलं जातं. आपल्या वैशाखात ती वाचायला वेगळीच मजा येते. चार चौकोन इथंही भरायला सांगा. कोंडलेल्या पुरुषांच्या बाजूनं चौथा चौकोन भरताना चांगला वाद होतो.

त्यानंतर तीनांत एक हे प्रमाण ठेवा: एक डिस्टोपिया, दोन दुसरी पुस्तकं. आणि लागोपाठच्या दोन डिस्टोपियांत सांगण्याची रीत बदललेली हवी. वर्तमानकाळातल्या ‘मी’नंतर पुन्हा तसलाच ‘मी’ नको. नील शुस्टरमन यांचं ‘साइद’ (२०१६) घ्या: मृत्यूच संपलाय, म्हणून लोकसंख्या आवरायला काही माणसांना मारण्याचा अधिकार दिलेला. भूक नाही, गरिबी नाही, कुंपण नाही. कथन तृतीयपुरुषी, आणि प्रकरणांच्या मधे त्या मारणाऱ्यांच्या रोजनिशीतली पानं. पॅट्रिक नेस यांचं ‘द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो’ (२००८) हा पूर्ण वेगळा आवाज आहे, पण त्यातलं मुद्दाम मोडकं इंग्रजी भाषेची चाचणी पास झालेल्यालाच झेपेल. मॅलोरी ब्लॅकमन यांचं ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ (२००१) दोन आवाजांत आहे, आणि जातीच्या उतरंडीत वाढलेल्या वाचकाला त्यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

खान्देशातल्या मुलांना मी आवर्जून देते ते शुस्टरमन बापलेकांचं ‘ड्राय’ (२०१८). दक्षिण कॅलिफोर्नियातले नळ एका दिवशी कोरडे पडतात आणि काही दिवसांतच शेजारी शेजाऱ्याचा राहत नाही. हे मे महिन्यातच वाचावं. ज्या घरांत नळाला दिवसाआड, कधी आठवड्याआड पाणी येतं, टँकर आला की हंडे-कळशा घेऊन धावावं लागतं, त्या घरातली मुलं या पुस्तकाची सगळ्यात कडक परीक्षक ठरतात. पात्रं कुठं मूर्खपणा करतात, पाणी कशात साठवायला हवं होतं, आधी कुणाला द्यायला हवं होतं, हे त्यांना लेखकांपेक्षा चांगलं कळतं. ती चूक काढतात तेव्हा थकवा कुठल्या कुठे जातो. पाओलो बॅचिगालुपी यांचं ‘शिप ब्रेकर’ (२०१०) असंच: मोडीत निघालेल्या जहाजांतून तांब्याची तार ओढणारी मुलं. नकाशावर शेजारच्या गुजरातमधलं अलंग दाखवा आणि मग वाचू द्या.

मधल्या दोन “दुसऱ्या” पुस्तकांपैकी एक खरं असू द्या, कारण यादीत नाव लिहून माणसाला जन्मतः गुन्हेगार ठरवणारी व्यवस्था शोधायला भविष्यात जावं लागत नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा तसाच होता, आणि तो १९५२पर्यंत रद्द झाला नव्हता. त्याची सावली पुढच्या पिढीवर कशी पडली हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात आहे. सोळा पूर्ण झालेल्यांना द्या, सोबत बसून बोलायची तयारी ठेवून द्या. आणि किशोरवयीन बंडखोर म्हणजे धनुष्यबाण घेतलेली मुलगीच, असं तिच्या डोक्यात बसलं असेल तर नंदुरबारच्या शिरीषकुमारबद्दल वाचू द्या. ९ सप्टेंबर १९४२ला झेंडा घेतलेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात त्याच्यासह पाच जण गेले. तो पुरा सोळाचाही नव्हता. कादंबरीतला निवडलेला, एकमेव, सगळ्यांना वाचवणारा नायक आणि मिरवणुकीत इतरांबरोबर चालणारा मुलगा यांतला फरक तिनं स्वतः मांडला, तर या सगळ्या मालिकांची सर्वांत मोठी कमजोरी तिच्या हाती लागेल.

एकटीनं वाचणं जड जात असेल तर तीन-चार मैत्रिणी जमवा. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, ऐंशी पानं एवढाच हिशेब ठेवा. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायलाही नको: एकीनं ‘ड्राय’, दुसरीनं ‘गिव्हर’, आणि भेटल्यावर फक्त चौकोन जुळवायचे. मोठ्यांनी तिथं बसून अर्थ सांगू नये. चहा-चिवड्याची सोय करावी आणि आतल्या खोलीत जावं.

राहिली कपाटातली दोन पुस्तकं. ती आत्ता काढू नका, पण देऊनही टाकू नका; ‘साइद’ किंवा ‘ड्राय’ झाल्यावर ‘बॅलड’ द्या. २०२०मध्ये आलेलं हे पुस्तक पाचशेच्या वर पानांचं आहे आणि मधे संथ होतं, म्हणून बरीच मुलं ते टाकून देतात. पण ते दहाव्या खेळांचं आहे, जेव्हा लोक खेळ बघतही नव्हते. अठरा वर्षांचा स्नो, जो पुढे पॅनेमचा अध्यक्ष होतो, भेटवस्तू आणि पैजांची कल्पना सुचवतो आणि बघणाऱ्यांना त्यात गुंतवतो. म्हणजे वहीतला चौथा चौकोन कसा तयार झाला, त्याचीच ही कादंबरी. कथनही तृतीयपुरुषी, त्यामुळे कॅटनिसचा आवाज मधे येत नाही. रोज पंचवीस पानं धरली तर तीन आठवडे लागतील. ‘सनराइज’ (२०२५) त्यानंतर किमान दोन महिन्यांनी, कारण ते पुन्हा ‘मी’च्या तोंडून, वर्तमानकाळात आणि पन्नासाव्या खेळांच्या रिंगणात आहे. लागोपाठ दिलं तर तिची जुनी तक्रार परत येईल. आणि ते वाचताना वहीचं कोरं पान नको, ‘बॅलड’चंच पान समोर ठेवून तिथले चौकोन चाळीस वर्षांत किती बदलले ते दुसऱ्या शाईनं भरायला सांगा.